लक्ष

शाळेत शिकले ते गुजरातीत:
लिमिट म्हणजे लक्ष.
घरी, दांडिया बाजारात, लक्ष म्हणजे
दुधावर ठेवायचं ते,
आणि जे माझं कधीच जाग्यावर नसतं असं आईचं म्हणणं.
आता युनिव्हर्सिटीत सकाळी आठला
कंसारा मॅडम इंग्रजीतून सांगतात
एच शून्याकडे जातो.
मी वहीच्या कडेला तिन्ही भाषांत लिहून ठेवते
आणि तिन्हींत मला ते कळत नाही.

जातो, पण पोचत नाही, मॅडम म्हणतात.
मागच्या बाकावरून जिगर विचारतो,
मग निघतो कशाला?
वर्ग हसतो. मॅडमही हसतात,
फळा पुसतात, पुन्हा लिहितात,
या खेपेला एच जरा लहान.

पहिल्या चाचणीत वीसपैकी सहा.
एचच्या जागी मी सरळ शून्य घातलं होतं.
शून्याखाली शून्य, उत्तर एक.
वाटलं, कुणालाही त्याच्याच वाटणीनं भागलं
की एकच उरणार.
लाल शाईत एवढंच: असं कसं?

पेपर घडी घालून दप्तरात, आणि चालत घरी.
काळ्या घोड्याजवळच्या पुलावर लोक वाकून बघत होते.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर.
बराच वेळ हललीच नाही.
शेंगवाला म्हणाला, मेली असेल.
वेग शून्य, मी मनात म्हटलं,
पण तेवढ्यावरून काही ठरत नाही,
त्या क्षणाच्या अलीकडे पलीकडे बघावं लागतं.
हे वाक्य माझं नव्हतंच.
मॅडमचं होतं, मंगळवारचं,
तेव्हा तर मी खिडकीबाहेर बघत होते.

बाबांचं दुकान मांडवीच्या मागच्या गल्लीत.
काटे दुरुस्त करून मिळतील,
पाटीवरचा 'दु' कधीच उडालेला.
सोनाराचा जुना काटा काचेच्या पेटीत बसवून
ते चिमट्यानं वजनं ठेवत होते,
ग्रॅम, मग त्याच्या आतली,
मग दहा मिलिग्रॅमचा पत्रा,
श्वास लागला तरी उडेल असा.
काटा डावीकडे गेला, उजवीकडे आला,
बाबांनी आकडे लिहिले आणि पुढचं वजन उचललं.
मी म्हटलं, अजून थांबला कुठाय?
त्याची वाट बघत बसलो तर दिवस जाईल, ते म्हणाले.
डावीकडे सात, उजवीकडे पाच, परत डावीकडे सहा.
कुठं थांबणार ते तोच सांगतोय की.
आणि थांबलाच नाही तर?
तो थांबतो का नाही
याच्याशी आपल्याला काय करायचंय, उल्का?

दहावीनंतर बाबांनी गणिताचं पुस्तक उघडलेलं नाही.

रात्री तेच गणित पुन्हा मांडलं.
एचला घाईनं मारलं नाही.
कंसात घेतलं, वर्ग केला,
एक्सवर्ग एक्सवर्गात मिटला,
छेदातला एच वरच्या एचला घेऊन निघून गेला,
राहिलं दोन एक्स अधिक एच.
मग म्हटलं, जा आता.
तो गेला. कुणाचं काही बिघडलं नाही.
एवढ्यासाठी सहा मार्क!

दुसऱ्या चाचणीत अकरा.
जिगरला सतरा, आणि तो अजून तेच विचारतो.
टोक असलेल्या आलेखावर मी पुन्हा अडकले,
एका बाजूनं उतार, दुसऱ्या बाजूनं चढ,
मध्ये स्पर्शिका कुठं टेकवायची?
कुठंच नाही, मॅडम म्हणाल्या,
आणि तेही उत्तरच असतं, लिहायचं.
हे मला अजून पटलेलं नाही.

आज आईनं दुधापाशी उभं केलं.
बराच वेळ काही नाही. कडेला बारीक बुडबुडे.
मग साय जराशी फुगली,
मग जराशीच आणखी, पण आधीपेक्षा लवकर,
आणि मी बघत होते ते दूध नव्हतं,
ते किती वेगानं वर येतंय ते होतं.

कुठाय तुझं लक्ष?
आतून हाक आली तेव्हा
ओट्यावरून दूध खाली निघालं होतं.